उष्णतेने प्रथिने धरणारा पॉलिमर
पुणे : अंड्याच्या पांढऱ्या बलकातून लायसोझाइम हे विकर वेगळे काढण्यासाठी पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मोहन कुलकर्णी, डॉ. रघुनाथ माशेलकर व सहकाऱ्यांनी तापमानाला प्रतिसाद देणारा पॉलिमर वापरला. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. 'पॉली एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइड' हा पॉलिमर थंड पाण्यात विरघळतो. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या वर मात्र त्याच्या साखळ्या पाणी सोडून आकसतात आणि साका खाली बसतो. साखळीत गुंफलेल्या आम्लधर्मी घटकांना बिलगलेले लायसोझाइमही त्याबरोबर खाली येते.

याच गुणधर्माचा लेप केसाएवढ्या बारीक वाहिन्यांच्या चिपमध्ये उपयोगी पडतो. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये केवळ ४ नॅनोमीटर जाडीच्या थराने हे दाखविले. थर तापला की प्रथिने चिकटतात, निवला की सुटतात. प्रत्येक बदलास एक सेकंदही लागत नाही. सेंद्रिय द्रावकांची गरज नसल्याने नाजूक प्रथिनांची रचना टिकते.

पुण्याच्या उन्हाळ्यात मात्र खोलीचेच तापमान ३२ अंश ओलांडते. अशा वेळी चिप थंड न केल्यास प्रथिने सुटणार नाहीत. पॉलिमरमध्ये जलस्नेही घटक मिसळून ही मर्यादा वर नेता येते.