खनिज काढण्याआधीची नोंद

पंढरपूर आणि गाणगापूर मागे टाकून भीमा जिथे जाते, त्या खोऱ्यात कर्नाटकातल्या शहापूर तालुक्यातले गोगी गाव आहे. विजापूरच्या आदिलशाहीचे पहिले सुलतान इथे पुरले आहेत. याच गावच्या चुनखडीत आणि तिच्या खालच्या ग्रॅनाइटमध्ये अणुखनिज संचालनालयाला युरेनियम सापडले. गाव तेव्हा गुलबर्गा जिल्ह्यात होते. यादगीर जिल्हा पुढे वेगळा झाला. इथून खनिज काढायचेच असेल, तर त्याआधी गावकऱ्यांच्या अंगात आज किती युरेनियम आहे ते मोजून लिहून ठेवले पाहिजे. शरीरातला किरणोत्सार मोजण्याचा इतिहास पाहिला की याची निकड पटते. न्यू जर्सीतल्या कारखान्यात घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली रेडियमच्या रंगाचा कुंचला ओठांत धरून टोकदार करत. रेडियम कॅल्शियमच्या वाटेने हाडांत शिरले, जबडे कुजले. पुढे भौतिकशास्त्रज्ञ रॉब्ली इव्हान्स यांनी अशा स्त्रियांच्या श्वासातला रेडॉन मोजला, आणि 1941 मध्ये शरीरात 0.1 मायक्रोग्रॅमहून जास्त रेडियम नको, ही मर्यादा ठरली. ती ठरेपर्यंत कितीतरी जणी गेल्या होत्या.

कर्नाटकातच, कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात, याच्या उलट घडले. नोव्हेंबर 2009 मध्ये नेहमीच्या लघवी तपासणीत काही कामगारांच्या अंगात ट्रिटियम वाढल्याचे दिसले. पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियम असलेले जड पाणी मिसळले होते. पन्नासहून जास्त जणांच्या पोटात ते गेले. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे की ते कातडीबाहेर येत नाहीत, त्यामुळे छातीवरचा किरणोत्सार मोजणारा बिल्ला गप्पच राहतो. प्रकार उघड केला तो लघवीच्या बाटलीने, आणि तिचा आकडा बोलका ठरला तो आधीच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून.

खडकातच युरेनियम आहे, तर विहिरीत ते असणारच, असे कुणी म्हणेल. खरे आहे, आणि म्हणूनच आधीची नोंद हवी. नाहीतर उद्या निसर्गाचे किती आणि खाणीचे किती, हा वाद कधीच मिटणार नाही. मग पाणीच तपासा, असेही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम आहे, पण ती पाण्याची. तुरीच्या रानात दिवसभर राबणारी बाई उन्हाळ्यात किती पाणी पिते, हे विहीर सांगत नाही. गिळलेल्या युरेनियमपैकी शंभरात एक-दोन भागच रक्तात उतरतात, त्यातले बरेचसे मूत्रपिंडे दिवसभरात बाहेर टाकतात, आणि धोकाही आधी त्या मूत्रपिंडांनाच असतो. म्हणून मोजायची ती लघवी, आणि तिच्या एका नमुन्याने भागत नाही. उन्हाळ्यात घ्यावा, पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यावा.

राहिली आकडा पाहून लोक घाबरतील ही भीती. प्रत्येक प्रौढ माणसाच्या अंगात पोटॅशियम-40 चे सुमारे चार हजार अणू दर सेकंदाला फुटत असतात. हे आकड्यासोबतच कन्नडमध्ये, दखनीत, मराठीत समजावून सांगता येते. बाटलीवर नाव, तारीख आणि पाणी कुठल्या विहिरीचे ते लिहावे, आणि निकालाचा कागद ज्याची लघवी त्याच्याच हाती द्यावा.