हरवलेला मोबाइल आणि घरातली वडीलधारी माणसे

भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाले. त्या काळी हँडसेट महाग होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. म्हणून मोबाइल असलाच तर कमावत्या माणसाच्या खिशात असे. आईवडिलांसाठी घरचा लँडलाइन पुरे. मोबाइल हरवला की यंत्राची किंमत आणि साठवलेले नंबर जात. कंपनीला कळवून सिम बंद करायचे आणि नंबर कागदी डायरीतून पुन्हा भरायचे, एवढ्यावर प्रकरण मिटे.

मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि मोबाइल घरातल्या ज्येष्ठांपर्यंत पोहोचला. बहुतेकदा तो मुलाचा जुना संच असे आणि सिमही मुलाच्याच नावावर घेतलेले असे. सोयीसाठी पडलेली ही पद्धत पुढे अडचणीची ठरली.

चोरीचा संच निकामी करण्याची सोय यंत्रातच होती. प्रत्येक हँडसेटला आयएमईआय हा पंधरा अंकी क्रमांक असतो. त्यातले पहिले आठ अंक मॉडेल दाखवतात, पुढचे सहा त्या विशिष्ट संचाचे असतात आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो. पण एका कंपनीने क्रमांक रोखला, तरी दुसऱ्या कंपनीचे सिम घालून तोच संच चालत असे, कारण सर्वांची मिळून एक यादी नव्हती. शिवाय बाजारातल्या अनेक स्वस्त संचांना आयएमईआय नव्हताच. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १ डिसेंबर २००९ पासून असे संच बंद पाडण्यात आले. क्रमांकात फेरफार करणे रोखणारे नियम २०१७ मध्ये आले.

दरम्यान मोबाइलचे काम बदलले. निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल हयातीचा दाखला नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाला, तर यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आले. बँक, आधार, गॅसची नोंदणी अशी अनेक कामे ओटीपीवर चालू लागली. आता मोबाइल हरवणे म्हणजे पेन्शनच्या खात्याची किल्ली हरवणे झाले. अशा वेळी जुनी पद्धत आडवी येते. डुप्लिकेट सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच मिळते. मुलगा परदेशात आणि वडील सातारा जिल्ह्यातल्या गावी असतील, तर वडिलांच्या हातातला नंबर वडिलांना परत मिळवता येत नाही.

सर्व कंपन्यांची सामाईक यादी अखेर सीईआयआर या नावाने उभी राहिली. तिचा प्रारंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून झाला, डिसेंबरमध्ये दिल्लीची भर पडली आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळाबरोबर ती देशभर लागू झाली. पोलिसांत हरवल्याची नोंद करायची, त्याच नंबरचे डुप्लिकेट सिम घ्यायचे आणि तक्रारीची प्रत, ओळखपत्र व आयएमईआय देऊन अर्ज करायचा. त्यानंतर तो संच कोणत्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही. कोणी वापरायचा प्रयत्न केला, तर त्याचा माग पोलिसांना मिळतो. संच सापडल्यावर तो पुन्हा सुरू करून घेता येतो.

दुसऱ्याच्या नंबरचे सिम लबाडीने मिळवून खाते रिकामे करण्याचे प्रकार वाढले, तेव्हा त्यालाही लगाम घातला गेला. नवे सिम सुरू झाल्यावर एसएमएस चालू व्हायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. एसएमएस चालू होईपर्यंत ओटीपी नाही आणि ओटीपीवर चालणारे बँकेचे व्यवहारही नाहीत, म्हणून घरात थोडी रोकड असणे ज्येष्ठांसाठी गरजेचे ठरते.

आज मदत करणाऱ्या मुलांचा क्रम यातूनच ठरतो: आधी सिम बंद करणे, लगेच बँकेला कळवून यूपीआय थांबवणे, मग पोलिसांत नोंद, डुप्लिकेट सिम, संच रोखणे आणि शेवटी नवा संच लावून देणे. हे सारे उपाय नंबर, कागदपत्रे आणि पासवर्ड त्याच माणसाच्या नावावर व हाताशी आहेत असे धरून आखलेले आहेत. म्हणून खरी मदत मोबाइल हरवण्याच्या आधीच करायची असते: सिम आईवडिलांच्या नावावर करून देणे, खोक्यावरचा आयएमईआय आणि खरेदीची पावती जपणे, गूगल खात्याचा पासवर्ड व महत्त्वाचे नंबर वहीत लिहून ती वही घरात सुरक्षित ठेवणे.