वखारीची कचेरी

सिहोऱ्यासारख्या भंडारा जिल्ह्यांतील गांवीं ‘वखार’ म्हटली म्हणजे लांकडांचा ढीग डोळ्यांपुढें उभा राहतो. समुद्र येथून शेंकडों कोस दूर. त्यामुळें या शब्दाला एके काळीं खाऱ्या वाऱ्याचा वास होता, याची आठवण आपणांस सहसा होत नाहीं. सतराव्या शतकांत वखार म्हणजे नुसतें कोठार नव्हे. तेथें माल सांठे, हिशेब लिहिले जात, परदेशी व्यापारी राहत आणि प्रसंगीं राजकारणहि शिजे. अशाच एका वखारीची, राजापूरच्या इंग्रजांच्या वखारीची, हकीकत येथें सांगावयाची आहे.

राजापूर हें खाडीच्या माथ्याशीं वसलेलें बंदर. मागें अणुस्कुऱ्याचा घाट चढला कीं कोल्हापूर प्रांत लागे. म्हणून घाटावरचें कापड व मिरीं येथें उतरत. वेंगुर्ल्यास डचांनीं ठाणें घातलें होतें. त्यांना कोणी प्रतिस्पर्धी असावा, या हेतूनें आदिलशाही अंमलदारानें इंग्रजांस राजापुरीं बोलाविलें आणि इ. स. १६५० च्या सुमारास वखार सुरू झाली.

परंतु हे पाहुणे केवळ व्यापारी राहिले नाहींत. १६६० मध्यें सिद्दी जौहराचा पन्हाळ्यास वेढा पडला असतां वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन विजापूरकरांच्या मदतीस गेला, आणि इंग्रजी निशाण लावून किल्ल्यावर मारा झाला. शिवाजी महाराजांनीं पुढच्याच वर्षीं याचा जाब घेतला. राजापूर लुटलें गेलें. रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैदेंत पडले, ते सर्व सुटावयास १६६३ साल उजाडलें. मात्र इंग्रजांचा व्यापार कायमचा बंद व्हावा, अशी महाराजांची इच्छा नव्हती, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. त्यांना व्यापारी हवा होता. व्यापाऱ्याच्या वेषांतला तोफखाना नको होता. भरपाईचा घोळ दहाबारा वर्षें चालला. १६७४ मध्यें राज्याभिषेकाच्या समयीं रायगडीं आलेल्या हेन्री ऑक्झेंडनच्या कामगिरींत तेंहि एक कलम होतें. वखार पुन्हा उघडली. पण तिला बरकत आली नाहीं.

या अनुभवाचें सार पुढें ‘आज्ञापत्रां’त उतरलेलें दिसतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या ग्रंथांत टोपीकरांस समुद्रतीरीं जागा देऊं नये, द्यावयाचीच तर कांहीं कोस आंत द्यावी आणि मजबूत इमारत बांधूं देऊं नये, असा इशारा आहे. भीति अशी कीं, आज जें कोठार तोच उद्यां किल्ला होईल.

राजापूरच्या वखारीचा किल्ला झाला नाहीं. तिचें जें झालें तें अमात्यांनाहि सुचलें नसेल. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, कोंकण कंपनीकडे गेलें. आणि १८८० मध्यें निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरांत पाहावें, तर खाडीपर्यंत आवार पोंचलेली ती भक्कम दगडी इमारत सरकारी कचेरी झालेली आहे! एके काळीं ज्यांना सवलतींसाठीं आदिलशाही अंमलदाराचें तोंड पाहावें लागे, त्यांच्याच राज्याच्या दप्तरापुढें आतां गांवकरी हात जोडून उभा राहिला.

मध्यंतरीं खाडी गाळानें भरत चालली होती. त्याच गॅझेटियराच्या काळीं मोठीं गलबतें जुन्या धक्क्यापासून तीन मैलांच्या आंत येऊं शकत नव्हतीं. बंदर असें मागें हटलें; कोठारांत माल येईना, पण त्याच भिंतींआड कागद मात्र येतच राहिले.

आपल्या मुलांना किल्ल्यांचीं नांवें तोंडपाठ असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु किल्ला पडला कीं तोफेचा आवाज होतो. वखारीची कचेरी होते तेव्हां कांहींच ऐकूं येत नाहीं. परक्याचें राज्य कसें आलें हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल, त्यानें पन्हाळ्याबरोबरच राजापूरच्या त्या दगडी घराचाहि इतिहास वाचावा.