दुधाची बाटली आणि रक्ताची पेढी

‘रक्तपेढी’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, ही पेढी कोणाला तरी मुळातून उभारावी लागली, हे ध्यानात येत नाही. लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर यांनी १९२१ साली सुरू केलेली व्यवस्था साधी होती. रोग्याला रक्त लागले, म्हणजे दूरध्वनी करून दात्याला रुग्णालयात बोलवायचे. शांततेच्या काळात ते निभले. पण आकाशातून बाँब पडू लागले, रस्ते उखडले, दूरध्वनी तुटले, तर दाता येणार कसा? हा प्रश्न वेळीच ओळखणाऱ्यांत डॉ. जॅनेट व्हॉन होत्या.

१८९९ साली जन्मलेल्या या बाई ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात शिकल्या. पेशा वैद्यकाचा, पण पिंड प्रयोगशाळेचा. घातक पांडुरोगावर यकृत गुणकारी असल्याचे अमेरिकेत १९२६ साली सिद्ध झाले, तेव्हा बाईंनी स्नेह्यांकडून खिमा करण्याची यंत्रे मागून आणली. त्यांत लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचेही होते! रोग्याला देण्याआधी तो अर्क त्या स्वतः प्यायल्या.

पुढे स्पेनच्या यादवीत बार्सिलोनाच्या डॉ. दुरान-जोर्दा यांनी साठविलेले रक्त आघाडीवर पोहोचवून दाखविले. सोडियम सायट्रेट घातले की रक्त गोठत नाही आणि थंडीत काही दिवस टिकते, हे शास्त्र ठाऊकच होते. अडत होते ते याद्या, बाटल्या आणि गाड्या यांपाशी. १९३९ च्या वसंतात बाईंच्या घरी सहकारी जमले आणि योजना कागदावर उतरली. मेडिकल रिसर्च कौन्सिलने ती स्वीकारून लंडनभोवती लूटन, मेडस्टन, सटन व स्लाउ येथे चार आगारे उघडली. स्लाउचे आगार बाईंकडे आले. रक्तासाठी बाटली घेतली ती दुधाचीच, फक्त कंबरेत आवळलेली. आणि वाहतुकीला आइस्क्रीमच्या गाड्या, कारण त्यांत थंडावा आयताच.

बाईमाणसाच्या या घरगुती युक्त्या, असे कोणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. संशोधक बाई कारभारात वाया गेली, ही हळहळही आम्हांला पटत नाही. हाती असेल त्या साधनावर प्रयोग उभा करायचा, ही त्यांची जुनीच सवय होती. खिमायंत्राच्या जागी आता बाटली आली, इतकेच.

१९४५ साली बेल्सेनच्या छळछावणीत उपासमारीने खंगलेल्यांवरील उपचारांसाठी त्या गेल्या. त्याच वर्षी सोमरव्हिलच्या प्राचार्या झाल्या, त्या १९६७ पर्यंत. कॉलेजचा व्याप सांभाळून किरणोत्सर्गी द्रव्ये हाडांत कशी साठतात, याचा अभ्यास त्यांनी चालूच ठेवला. रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले ते १९७९ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर.