सबवे की लाइट रेल? स्कार्बरोच्या प्रदीर्घ वादाचा इतिहास

१/ उपनगरापर्यंत रेल्वे न्यायची, तर ती भुयारी असावी की जमिनीवरून धावणारी? प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा आहे. कॅनडातील टोरांटो शहरात मात्र तो मानापमानाचा आणि निवडणुकांचा प्रश्न झाला. त्याची ही कथा. (आपल्याकडे सबवे म्हणजे पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग, टोरांटोत सबवे म्हणजे भुयारी मेट्रो.)

२/ टोरांटोचा, किंबहुना कॅनडाचा, पहिला सबवे १९५४ साली सुरू झाला. शहराच्या पूर्वेचे स्कार्बरो हे दुसऱ्या महायुद्धानंतर वाढलेले उपनगर. रुंद रस्ते, लांब अंतरे, विखुरलेली वस्ती. पुढे ते जगभरातून आलेल्या स्थलांतरितांचे, विशेषतः दक्षिण आशियाई कुटुंबांचे घर झाले. १९८० मध्ये सबवे स्कार्बरोतील केनेडी स्थानकापर्यंत आला आणि तेथेच थांबला.

३/ त्यापुढे स्वतंत्र मार्गावरून धावणारी ट्राम नेण्याचे ठरले होते. परंतु ऑन्टारिओच्या प्रांतिक सरकारला स्वतःच्या कंपनीने विकसित केलेले नवे तंत्रज्ञान जगापुढे मांडायचे होते. त्या आग्रहापुढे मूळ योजना मागे पडली आणि मार्च १९८५ मध्ये 'स्कार्बरो आरटी' धावू लागली: सहा स्थानके, सुमारे साडेसहा किलोमीटर, लहान डब्यांच्या गाड्या.

४/ हिवाळ्यात बर्फ साचले की ही गाडी अडखळे. केनेडीला प्रत्येक प्रवाशाला गाडी बदलावी लागे. मालव्हर्नपर्यंतचा नियोजित विस्तार कधी झालाच नाही. याच तंत्रज्ञानावर व्हँकुव्हरची स्कायट्रेन भरभराटीला आली, कारण तेथे ते शहराच्या मुख्य जाळ्याचा कणा झाले आणि वाढत गेले. स्कार्बरोत ते एक अपुरे शेपूट राहिले. 'शहराला सबवे आणि आम्हाला प्रयोग' ही सल तेथूनच रुजली. १९९८ मध्ये स्कार्बरो टोरांटो महापालिकेत विलीन झाले, तरी ती विरली नाही.

५/ २००७ मध्ये महापौर डेव्हिड मिलर यांनी 'ट्रान्झिट सिटी' ही लाइट रेलच्या जाळ्याची योजना मांडली. २०१० मध्ये निवडून आलेल्या रॉब फोर्ड यांनी पदभार घेताच ती संपल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सभागृहाने २५ विरुद्ध १८ मतांनी महापौरांना डावलून लाइट रेल पुन्हा स्वीकारली. आरटीच्या जागी सात स्थानकांची लाइट रेल येणार होती आणि तिचा खर्च प्रांत उचलणार होता.

६/ दोन्ही बाजूंकडे सबळ मुद्दे होते. लाइट रेल स्वस्त, स्थानके अधिक, म्हणून अधिक लोकांच्या घराजवळ पोहोचणारी. सबवेत केनेडीला उतरावे लागणार नव्हते. शिवाय लाइट रेलसाठी आरटी काही वर्षे बंद ठेवून प्रवाशांना बसमध्ये बसवावे लागले असते. सबवे वेगळ्या मार्गाने जाणार असल्याने तो पुरा होईपर्यंत आरटी चालू राहील, असे त्याचे समर्थक सांगत. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

७/ ऑगस्ट २०१३ मध्ये स्कार्बरोतील पोटनिवडणूक प्रांतातील सत्ताधारी लिबरल पक्षाने सबवेचे आश्वासन देऊन जिंकली. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने ६६ कोटी डॉलर देऊ केले. ऑक्टोबरमध्ये सभागृहाने २४ विरुद्ध २० मतांनी तीन स्थानकांचा सबवे मंजूर केला आणि मालमत्ता करात त्यासाठी वाढ स्वीकारली. लाइट रेल रद्द झाली.

८/ पुढे खर्च फुगला आणि स्थानके आटली. २०१६ मध्ये योजनेत सहा किलोमीटरच्या भुयाराला एकच स्थानक उरले. त्या वेळच्या अंदाजानुसार गर्दीच्या तासाला एका दिशेने सुमारे ७,३०० प्रवासी अपेक्षित होते. सबवेची क्षमता याच्या कितीतरी पट असते. २०१९ मध्ये डग फोर्ड यांच्या प्रांतिक सरकारने प्रकल्प आपल्याकडे घेऊन पुन्हा तीन स्थानके जाहीर केली. अंदाजे खर्च साडेपाच अब्ज डॉलर.

९/ २४ जुलै २०२३ च्या संध्याकाळी एल्समियर स्थानकाजवळ आरटीचा शेवटचा डबा रुळावरून घसरला. पाच जण जखमी झाले. जीर्ण झालेली ही सेवा त्याच नोव्हेंबरमध्ये बंद व्हायची होती. ती त्या संध्याकाळीच कायमची थांबली. सबवेचे भुयार खोदण्यास तर त्याच वर्षी सुरुवात झाली होती. ज्या बसचे भय दाखवून लाइट रेल नाकारली गेली, त्याच बसमध्ये स्कार्बरोकर बसले. आणि तेही कोणताही नवा मार्ग तयार नसताना.

१०/ या इतिहासात स्कार्बरोकरांच्या मागणीला हट्ट म्हणून हिणवणे सोपे आहे. पण १९८५ साली त्यांना न विचारता जो प्रयोग लादला गेला, त्याचाच तो परिणाम होता. एकदा विश्वास उडाला की 'लाइट रेल' हा शब्दही दुय्यम वागणुकीचा वाटू लागतो. नेत्यांनी तो विश्वास परत मिळवण्याऐवजी त्या दुखावलेपणावर मते मागितली. आपल्या शहरात नवा मार्ग जाहीर होईल, तेव्हा गाडी भुयारातून धावणार की पुलावरून, एवढेच विचारू नका. ती किती जणांच्या घराजवळ थांबेल, केव्हा येईल आणि तोवर लोक कशाने जातील, हेही विचारा.