सल

बँकेच्या काउंटरवर ती माझ्या पुढे उभी होती. आई-वडील इम्फाळचे, राहायला आमच्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. तिनं आधार कार्ड पुढे केलं. आतल्या बाईंनी कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "पासपोर्ट आणलाय का?" ती म्हणाली, "मॅडम, आधार आहे ना." "हो, पण तुम्ही मूळच्या कुठल्या?"

काम झालं. पाच-दहा मिनिटं जास्त गेली, एवढंच. बाहेर आल्यावर तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "पण तू मराठी किती छान बोलतेस गं!"

"काका, मी खडकीत जन्मले. बाबा फौजेत होते. मराठी नाही तर काय बोलणार?" हसूनच म्हणाली. बँकेतल्या बाईंनी जे विचारलं तेच मीही विचारलं होतं, फक्त कौतुकाच्या सुरात. तू इथली नाहीस ना?

अशा वागण्याला इंग्रजीत मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हणतात. हा शब्द चेस्टर पिअर्स या हार्वर्डमधल्या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञाने 1970 साली घडवला. गोऱ्या अमेरिकेत काळ्या माणसाला उठता-बसता जे बारीक बारीक अपमान गिळावे लागतात, त्यांच्यासाठी त्याला नाव हवं होतं. एकेक घटना बघायला गेलं तर क्षुल्लक. पण आयुष्यभराची बेरीज माणसाला पोखरून काढते, हे त्याचं म्हणणं.

मराठीत याला 'सूक्ष्म आक्रमण' असा प्रतिशब्द वाचायला मिळतो. व्युत्पत्तीच्या अंगानं पाहिलं तर तो कमालीचा चपखल आहे. 'अ‍ॅग्रेशन'च्या मुळाशी लॅटिनमधला 'पाऊल टाकणे' या अर्थाचा धातू आहे. कोणाच्या तरी दिशेनं चालून जाणं. आपल्या 'आक्रमण'मध्येही संस्कृतचा 'क्रम्' आहे, तोही पाऊल टाकणंच. दोन भाषांनी एकच चित्र पाहिलं. बोलीतही आपण 'अंगावर येणं' म्हणतोच. पण व्युत्पत्ती जुळली तरी शब्द रुळत नाही. काउंटरमागच्या बाई कोणाच्या अंगावर गेल्या नव्हत्या. त्यांना आक्रमक म्हटलं तर त्या खरोखर दुखावतील, आणि मग बोलणं त्यांच्या दुखावण्याबद्दलच होत राहील.

मग आपले घरचे शब्द बघू. टोमणा, कुचकं बोलणं, खवचटपणा, टर उडवणं, हिणवणं. 'हिणवणं' हे 'हीन'पासून आलेलं. समोरच्याला हीन करणं. शब्दांची ददात नाही. पण हे सगळे शब्द बोलणाऱ्याच्या बाजूने उभे आहेत. टोमणा मारायला टोमणा मारायची इच्छा लागते. हेतू नसेल तर यातला एकही शब्द लागू पडत नाही, आणि म्हणूनच 'माझ्या मनात तसं काही नव्हतं' एवढं म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो.

डेराल्ड विंग सू या चिनी वंशाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2007 साली लिहिलेला प्रसंग इथे आठवतो. लहानसं विमान, हवी तिथे जागा घ्या असा निरोप. सू आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी पुढे बसले. मागाहून तीन गोरे गृहस्थ आले, त्यांच्याही पुढच्या जागांवर बसले. विमानाचा तोल सांभाळायचाय म्हणून हवाई सेविकेने मागे जायला सांगितलं ते मात्र या दोघांना. सूंनी जाब विचारला तेव्हा ती दुखावली. आपण रंग बघतच नाही, असं तिचं म्हणणं. ती खोटं बोलत नसावी. पण मागे जाऊन बसावं लागलं ते या दोघांनाच.

'मूळचे कुठले?' हा तर आपला आवडता प्रश्न. गावाचं नाव कळलं की 'अरे, मग तुम्ही आमच्या मावशीच्या सासरचे!' असं नातं निघतं, चहा होतो. (आडनावामागची जात काढायलाही हाच प्रश्न वापरतात, आणि ज्याला विचारला जातो त्याला ते बरोब्बर कळतं.) आपल्याला जोडणारा हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला तोडतो. तिने 'खडकी' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'नाही, पण मूळच्या?' तिच्या मुळाचा शोध तिच्या डोळ्यांच्या आकारापाशी येऊन थांबतो.

त्याच डोळ्यांवरून 'चिंकी' म्हणतात. इंग्रजीत चिनी माणसाला हिणवायला एकोणिसाव्या शतकात रूढ झालेली ही शिवी. मराठी कानाला ती शिवी वाटतच नाही. चिंगी, चिमी, पिंकी ही आपली लाडाची नावं, तोच नाद. म्हणून कॉलेजातली मुलं खुशाल सांगतात, 'प्रेमानं म्हणतो.' नाद आपला असला तरी शब्द आपला नाही, आणि ज्यांना तो झेलावा लागतो त्यांना त्याचा अर्थ पक्का माहीत आहे. 2014च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांवरून टर उडवली गेली, त्यातून मारहाण झाली आणि तो मुलगा गेला. त्यानंतर केंद्राने ईशान्येच्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती नेमली. सुरुवात केसांच्या चेष्टेनं झाली होती.

'हबशी'ची घसरण तर आपल्याच अंगणातली. अरबीत 'हबश' म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया; तिथला तो हबशी. मलिक अंबर हबशी होता. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद. आमच्या शेजारणीची खडकी वेगळी. जंजिऱ्याच्या मुलखाला मराठीत 'हबसाण' म्हणत. देशाचं आणि राज्यकर्त्यांचं हे नाव आपण वर्गातल्या काळ्यासावळ्या पोराला चिडवायला वापरलं. मीही त्या वर्गात हसलेलो आहे. आज पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलाच्या कानावर तो शब्द पडतो तेव्हा त्याला मलिक अंबर ऐकू येत नाही.

दुखऱ्या बाजूने उभा असलेला शब्द मराठीत एकच सापडला: सल. संस्कृतात 'शल्य' म्हणजे बाणाचं टोक, काटा, अंगात घुसून राहिलेलं काहीही. ते काढायची विद्या म्हणजे सुश्रुताचं शल्यतंत्र. प्राकृतात त्याचं 'सल्ल' झालं आणि मराठीत 'सल', 'सलणं'. सल कोणी मारत नाही, सल राहतो. तो किती मोठा हे बाहेरून दिसत नाही, आणि कोणी मुद्दाम टोचला की चुकून, यानं त्याच्या ठणक्यात फरक पडत नाही.

लहानपणी बाभळीचा काटा पायात मोडला की आजी पाय मांडीवर घ्यायची. रुईचा चीक लावायची, सुई तापवून घ्यायची आणि अंगठ्यानं दाबत विचारायची, "इथं? का इथं?" दुखणाऱ्यानं सांगायचं, तिनं ऐकायचं. काटा तर केवढासा, असं ती कधी म्हणाली नाही. बाभळीनं मुद्दाम टोचलं का, हेही तिनं कधी विचारलं नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी जिन्यात भेटली. बँकेत निघाली होती. पिशवीत आधार कार्ड होतं, आणि पासपोर्टही. आता ती तो नेहमी बरोबर ठेवते.