हरुद आणि वाटेवरचा मुक्काम

आमच्या सह्याद्रीत पानगळ होते ती माघ-फाल्गुनात, आणि तीही रंगाचा फारसा गाजावाजा न करता. पाने पिवळसर पडतात, वाळतात व वाऱ्याबरोबर निघून जातात. लाली दिसते ती त्यानंतर, कुसुंबाला आणि पिंपळाला कोवळी पालवी फुटते तेव्हा. आपल्याकडे तांबडा रंग ही पानाच्या बाल्याची खूण आहे. नोकरीनिमित्त उत्तरेच्या डोंगरांत येऊन पडलेल्या मराठी माणसाला प्रथम नवल वाटते ते याचेच, की येथे तांबडे होते ते जून पान.

काश्मिरात या ऋतूला ‘हरुद’ म्हणतात. दिवस लहान होतो, रात्रीचा गारठा वाढतो आणि पानातील हिरवे द्रव्य मोडू लागते. त्याखाली उन्हाळाभर दडून राहिलेला पिवळा रंग मग वर येतो. निरभ्र उन्हाचे दिवस लाभले तर तांबडा रंग नव्याने तयार होतो. चिनाराचे झाड प्रथम सोनेरी, मग केशरी, मग विस्तवासारखे होते. तथापि या लेखात आम्हांला झाडाविषयी लिहावयाचे नाही. हा देखावा पाहावयाचा तर थंडीच्या तोंडावर डोंगरात राहावे लागते, आणि राहावयाचे तर डोक्यावर छप्पर लागते. ते छप्पर कोणी बांधले, कोणासाठी बांधले आणि त्याखाली उतरणाऱ्याचे ओझे कोणी वाहिले, हा इतिहास पानांच्या रंगाइतकाच पाहण्याजोगा आहे.

अकबराने १५८६ मध्ये काश्मीर घेतले व १५८९ मध्ये तो स्वतः तेथे गेला. त्यापूर्वी कासिमखान या त्याच्या सरदाराने पीर पंजालच्या घाटातून रस्ता करविला होता. भिंबर, नौशेरा, राजौरी, ठाणा, बहरामगल्ला, पोशाना, मग पीर पंजालची खिंड आणि पलीकडे हीरपूर व शोपियाँ, असे त्या वाटेचे टप्पे. परंतु हरुदाकडे रसिकाच्या नजरेने पाहून ते लिहून ठेवले ते जहांगीराने. १६२० च्या शरदात मानसबळ सरोवराच्या परिसरात, सफापूर येथे, पाण्यात पडलेली चिनार आणि जर्दाळूच्या रंगीत झाडांची प्रतिबिंबे त्याने पाहिली, आणि शरदाची शोभा वसंताहून उणी नाही असा निर्वाळा आपल्या आत्मचरित्रात दिला.

त्याच महिन्यात तो पांपुरास केशराची शेते पाहण्यासाठी थांबला. फुलांचा वास इतका उग्र होता की बादशहाचे व त्याच्या परिवाराचे डोके दुखू लागले. फुले खुडणाऱ्या काश्मिरी मजुरांना त्याने विचारले, की तुम्हांला काय वाटते? त्यांना जन्मात डोकेदुखी ठाऊक नव्हती, असे त्याने नोंदविले आहे. बादशहाला ही मोठी मौज वाटली. त्या मजुरांना रोख मजुरीऐवजी मीठ मिळत असे, कारण काश्मिरात मीठ होत नाही, ही गोष्ट त्या काळच्या वर्णनांतूनच कळते. एकाच शेतात एकाला सुगंधाने डोकेदुखी होते आणि दुसरा मिठासाठी तीच फुले खुडतो. पुढील तीन शतकांचे चित्र या एका प्रसंगात सामावले आहे.

परतीच्या वाटेविषयी जहांगीराने आधीच हुकूम दिला होता. थंडीच्या दिवसांत तंबूत राहणे सोसणार नाही, सबब काश्मीरपासून डोंगराळ मुलूख संपेपर्यंत प्रत्येक मुक्कामी आपल्यासाठी व जनान्यासाठी इमारती तयार असाव्यात, असा तो हुकूम होता. डोंगरातील विश्रांतिस्थानाची कल्पना या वाटेवर अशी शरदाच्या थंडीतून दृढ झाली. पुढे शहाजहानच्या काळी अलीमर्दानखान सुभेदाराने खिंडीजवळ जी सराई बांधविली असे मानतात, त्या अलियाबाद सराईचे अवशेष अद्यापि आहेत. १६२७ च्या शरदात काश्मिराहून परतत असतानाच जहांगीर याच वाटेवर मरण पावला. त्याची आतडी चिंगस येथील सराईत पुरली व देह लाहोरास नेला, अशी परंपरा सांगते. रंग पाहावयास गेलेल्या रसिकाची अखेर मुक्कामाच्या जागीच झाली.

या वाटेचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. १६६३ च्या एप्रिलात शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शिरून शायस्तेखानाची बोटे तोडली. ती बातमी औरंगजेबाला पोचली तेव्हा तो काश्मीरच्या वाटेवर होता. थंड हवेकडे निघालेल्या बादशहाला सह्याद्रीची झळ अशी वाटेतच लागली! औरंगजेबाच्या या सफरीचे वर्णन बर्निए नावाच्या फ्रेंच वैद्याने केले आहे. भिंबरपुढे उंट चालत नाहीत, म्हणून ओझी माणसांच्या पाठीवर चढवावी लागत. खुद्द बादशहाच्या सामानाला सहा हजार आणि सर्व लवाजम्याला निदान तीस हजार हमाल लागतील, असा त्याने ऐकलेला अंदाज होता. मोजके काही डोळे वनशोभा पाहावयास निघाले की तीस हजार पाठी वाकत!

बादशाही गेली, तरी व्यवस्थेचा सांगाडा राहिला. डोगरा राजवटीत झेलमच्या काठाने गाडीरस्ता झाला. १८९० च्या सुमारास तो बारामुल्ल्यास व १८९७ मध्ये श्रीनगरास पोचला. दोमेल, गढी, चकोठी, उरी, रामपूर येथे डाकबंगले उभे राहिले. डाकबंगला म्हणजे काय हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. उतरते छप्पर, पुढे पडवी, दोन-तीन खोल्या, शेकोटीची जागा, एक खानसामा, एक चौकीदार आणि भिंतीवर दरपत्रक. चोवीस तास राहून झालेल्याने नव्या उतारूला जागा करून द्यावयाची, हा बहुतेक ठिकाणचा नियम. येणाऱ्या साहेबाने नोंदवहीत नाव, हुद्दा व तक्रार लिहावयाची. कोंबडी चामट होती, पाणी गार होते, लाकडे ओली होती, अशा तक्रारी करण्यास त्या वहीत जागा होती. ओझे आणणाऱ्यासाठी मात्र तीत रकाना नव्हता.

तो रकाना दुसऱ्या कागदावर असे. त्याचे नाव बेगार. गावाने इतकी माणसे द्यावीत, अमुक दिवशी अमुक मुक्कामी हजर करावीत, अशी मागणी निघे. वॉल्टर लॉरेन्स हा काश्मीरचा जमाबंदी अधिकारी. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या वेठीचे, विशेषतः गिलगिटकडे धान्य व सामान वाहण्याच्या सक्तीचे, वर्णन आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हरुद म्हणजे शोभा नव्हे, भाताची कापणी. हिमपाताने वाटा बंद होण्यापूर्वीचे हे मोजके दिवस शेतालाही हवेत आणि सरकारलाही हवेत, अशी ओढाताण होई.

हे वाचताना महाराष्ट्राने आपले हात झटकावेत असे काही नाही. ‘वेठबिगार’ हा शब्द आपल्या भाषेत उगाच रुजलेला नाही. कलेक्टरसाहेबांची स्वारी फिरतीवर निघाली, मुसाफिरी बंगल्यात उतरली, की गावच्या महारांना रात्रंदिवस हजर राहावे लागे. त्या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ती वतने रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. तिकडे चिनार आणि इकडे आंबा, एवढाच फरक.

आणि येथे आम्हांला आमच्या पेशाविषयी एक गोष्ट बोलली पाहिजे. बादशहाने इच्छा प्रकट केली, साहेबाने सही केली. पण गावांची यादी, माणसांची संख्या, हजेरीची तारीख हे सारे कोण्या मुनशीने, कोण्या कारकुनाने सुवाच्य अक्षरात लिहिले. ओझे वाहणाऱ्याचे नाव इतिहासात नाही, हुकूम देणाऱ्याचे आहे. लिहिणारा या दोहोंच्या मधोमध, निनावी आणि सुरक्षित. अक्षर चांगले होते म्हणून त्याचा भाग नाहीसा होत नाही.

कारकुनाचाही एक हरुद असे. महाराजा रणबीरसिंगाच्या काळी, १८७२ पासून, दरबार उन्हाळ्यात श्रीनगरास व हिवाळ्यात जम्मूस, असा परिपाठ पडला. चिनार ऐन रंगात येत तेव्हाच दप्तरे बांधली जात, पेट्यांवर क्रमांक पडत आणि कचेरी डोंगर उतरू लागे. २०२१ मध्ये ही प्रथा बंद झाली व २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या कारकुनांच्या कित्येक पिढ्यांनी तांबडी पाने पाहिली ती सुतळीची गाठ मारता मारता.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमात बेगार निषिद्ध ठरली. इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हा आपलाच शब्द ठेवावा लागला, कारण त्या यातनेला दुसरे नाव पुरे पडले नसते. पुढे १९५६ मध्ये केंद्रीय नोकरांना रजा-प्रवासाची सवलत मिळाली. प्रथम गावी जाण्यापुरती, नंतर देशात कोठेही. स्वारीत नव्हे, फिरतीवर नव्हे, केवळ पानांचे रंग पाहावयास एखाद्या कनिष्ठ नोकराने बायकामुलांसह डोंगरातील विश्रामगृहात उतरावे, ही गोष्ट चारशे वर्षांच्या या वाटेवर अगदी कालची आहे.

अशाच एका सवलतीवर आम्ही गेलो असता मुक्कामाच्या मागील अंगणात एक वृद्धा चिनाराची पडलेली पाने गोळा करून जाळीत होती. पेट घेतला की पाण्याचा शिपका देई, म्हणजे राख न होता कोळसा होई. हा कोळसा हिवाळाभर फिरनाखालच्या कांगडीत घालावयाचा. आम्ही विचारले, “माँजी, एवढा सुंदर रंग, जाळवतो कसा?” ती म्हणाली, “बेटा, रंग तुम्ही नेलात, ऊब आम्हांला राहू द्या.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण डोंगरी मुलखात बदलीवर आहेत, आणि त्यांच्या सहीने वा त्यांच्या हस्ताक्षराने कोठे ना कोठे विश्रामगृहाची खोली राखली जाते. शरदात तेथे अवश्य जावे. रंग डोळे भरून पाहावेत. निघताना नोंदवहीत शेरा लिहावयाचा झाल्यास शेकोटीची लाकडे कोणी आणली तेही विचारून लिहावे, आणि त्याचे पैसे त्याच्याच हातात पडले ना, एवढे पाहावे.